तीनशे तेरावी

दूधवाला दूध घालून गेला की दुबारबाई पातेलं खिडकीपाशी नेऊन उजेडात बघत. बावीस वर्षं तोच दूधवाला, तेच दूध आणि त्यात तेवढंच पाणी. पण एखाद्या दिवशी पाणी वाढलं आणि नेमकं त्याच दिवशी आपण बघितलं नाही, असं व्हायला नको. घराला कुलूप लावलं की त्या ते एकदा ओढून पाहत, दोन पायऱ्या उतरत, परत वर येऊन पुन्हा ओढून पाहत. भिंतीवरचं घड्याळ त्या रेडिओवरून लावत आणि रेडिओ बरोबर सांगतो की नाही, हे समोरच्या बँकेच्या घड्याळावरून तपासत.

धाकटी बहीण त्यांच्यासोबतच राहायची. पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन, मागच्या खोलीत दुबारबाईंचं टेबल. धाकटी सुईत दोरा ओवता ओवता म्हणायची, "ताई, तुला देव भेटला तरी तू आधी त्याचं ओळखपत्र मागशील."

"मागीन. देव असेल तर त्याच्याकडे असेलच."

नाव काही आईवडिलांनी 'दुबारबाई' ठेवलं नव्हतं. सांख्यिकी कार्यालयात त्यांची पस्तीस वर्षं गेली ती दुबार नोंदी शोधण्यात. एकच माणूस दोन याद्यांत आला की तो हुडकायचा आणि एका ठिकाणी लाल पेन्सिलीनं खोडायचा, एवढंच काम. आपण दोन ठिकाणी मोजलं जावं अशी लोकांना भारी हौस असते, हे त्यांचं पक्कं मत होतं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या तक्त्यात चूक सापडली नाही असं एक प्रशस्तिपत्र निरोपाच्या दिवशी मिळालं होतं. ते काचेच्या चौकटीत टेबलावर उभं असे.

निवृत्त माणसं बागेत फिरतात, नाहीतर सुनेच्या कामात लुडबुड करतात. दुबारबाईंना बाग आवडत नव्हती आणि सून नव्हती. धाकटीच्या मुलीनं परगावी जाताना आपला जुना संगणक मावशीसाठी ठेवला, आणि ऑनलाइन ज्ञानकोशातलं आपल्या देशाचं पान कुणीही उठून बदलू शकतं, हे दुबारबाईंना कळलं. त्या दिवशी त्यांना धड जेवण गेलं नाही.

"म्हणजे कुलूपच नाही?" त्यांनी तीनदा विचारलं.

कुलूप नव्हतं. पण प्रत्येक बदलाची नोंद राहायची, कधी झाला आणि काय झाला ते सगळं, आणि चुकीचा बदल कुणालाही उलटवता यायचा. वाद घालायला पानामागे वेगळं चर्चा पान होतं. नियम दोनच, पण ते दुबारबाईंना आपल्यासाठीच केल्यासारखे वाटले: छापील आधाराशिवाय काही लिहायचं नाही, आणि कुणाची स्तुती नाही की निंदा नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या पहाऱ्याला बसल्या त्या आजतागायत.

लोकांचे एकेक नग त्यांना तिथं भेटले. कुणी लिहायचं, 'जगातला सर्वांत सुंदर देश'. दुबारबाई ते पुसून कारण लिहीत: 'कोण म्हणतं?' कुणी थोर पुरुषांच्या यादीत आपल्या मामाला घुसवी. शेजारच्या देशातला कुणीतरी अधूनमधून नदीचा उगम ओढून पलीकडे नेई, आणि पर्यटन खात्यातला कुणीतरी (त्यांना खात्री होती) किनारपट्टी चाळीस किलोमीटरनं लांबवी. एका जुन्या राष्ट्राध्यक्षाच्या नावामागे सकाळी कुणी 'थोर' लावलं आणि दुपारी कुणी 'जुलमी'. त्यांनी दोन्ही काढलं. दोन्ही बाजूंनी त्यांना 'विकली गेलेली' म्हटलं. त्या दिवशी त्या दोन घास जास्त जेवल्या.

पण या सगळ्या चोरांपेक्षा त्यांना छळलं ते एका भुरट्यानं.

पानावर 'आपत्ती' या मथळ्याखाली एक वाक्य होतं: 'तळ्याचा बांध फुटून आलेल्या पुरात ३१२ माणसे मृत्युमुखी पडली.' आधार म्हणून सांख्यिकी कार्यालयाचा चौतीस वर्षांपूर्वीचा अहवाल दिलेला. त्या अहवालाच्या याद्यांवर लाल पेन्सिल चालली होती ती दुबारबाईंची. हे त्यांनी ज्ञानकोशात कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःच्या कामाबद्दल स्वतः लिहू नये असा तिथं संकेत होता, पण आपण कुठं लिहितोय, आपण नुसती राखण करतोय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

गेली सहा वर्षं, दरवर्षी पुराच्याच तारखेला, सकाळी सातच्या सुमारास एक बिननावाचा माणूस येई आणि ३१२चे ३१३ करी. बाकी एका अक्षराला हात लावत नसे. दुपारपर्यंत दुबारबाई आकडा जागेवर आणत. तो काही बोलत नसे. वर्षभर गप्प, आणि पुढच्या वर्षी पुन्हा हजर.

"खोटं बोलणारा माणूस शेकड्यानं बोलतो," त्या धाकटीला म्हणत. "एकानं कोण खोटं बोलतं? याच्या मनात काहीतरी मोठं आहे."

काय असेल, याचे त्यांनी नाना तर्क केले. पहारा ढिला आहे का हे कुणीतरी तपासत असेल, आज एक खपला की उद्या तीन हजार. किंवा कार्यालयातले मोठे कारकून असतील. त्यांना दुबारबाईंचं प्रशस्तिपत्र पहिल्यापासून खुपत होतं. एकदा तर त्या मुद्दाम मोठ्या कारकुनांच्या गल्लीतून जाऊन आल्या. ते व्हरांड्यात तोंडावर वर्तमानपत्र घेऊन घोरत होते. घरात संगणक दिसला नाही. लपवला असेल, असं म्हणून दुबारबाईंनी त्यांचं नाव यादीत ठेवलंच.

सातव्या वर्षी त्या साडेसहापासूनच दबा धरून बसल्या. सात वाजून चार मिनिटांनी बदल झाला. त्यांनी तो नीट तपासला, कारण लिहिलं आणि सव्वासातला उलटवला.

"अकरा मिनिटं," त्यांनी कुस्ती मारल्यासारखं धाकटीला सांगितलं.

आठ वाजता चर्चा पानावर मजकूर आला. त्या माणसानं पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. 'बाई की बुवा, जे कोणी असाल ते. दरवर्षी दुपारपर्यंत राहू देता, तेवढं मला पुरतं. सकाळी चहाच्या वेळी मी आईला मोबाइलवर दाखवतो. आज तिनं चष्मा लावेपर्यंत तुम्ही बदलून टाकलंत. तिनं तीनशे बारा वाचलं. तेव्हापासून ती बोलत नाही.'

दुबारबाईंनी नेहमीचं लिहिलं: 'आधार द्या.'

उत्तर लगेच आलं. 'आधार मीच. आमच्या घरातल्या दोन मुली गेल्या. माझी बहीण आणि चुलत बहीण. दोघींना आजीचं नाव ठेवलेलं, दोघी नऊ वर्षांच्या. सरकारी यादीत एकच आहे. मी राजधानीतल्या मोठ्या बसथांब्यासमोर किल्ल्या करतो. खोटं वाटत असेल तर या.'

"फसवतोय," दुबारबाई म्हणाल्या.

"कशावरून?"

"आई, चहा, चष्मा. माणसाला विरघळवायला लागतं ते सगळं घातलंय त्यात."

धाकटीनं मशीन थांबवलं. "आणि खरं असेल तर?"

"खरं असतं तर कागद असता."

"कागद तर तूच केलास ना, ताई?"

दुबारबाईंना नाव आठवत नव्हतं, चेहरा तर त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. पण एकाखाली एक, हुबेहूब सारख्या दोन ओळी आठवल्या, आणि खालच्या ओळीवरून पेन्सिल ओढताना वाटलेलं समाधान आठवलं. संशय घ्यायची सवय जुनी होती, पण आज तो वळून घरात शिरला होता.

दुसऱ्या दिवशी त्या कार्यालयाच्या तळघरात गेल्या. जुने कागद सांभाळणारा माणूस त्यांना ओळखत होता. त्यानं गठ्ठा काढून दिला आणि लांब जाऊन बसला, कारण बाई शेजारी बसलेलं खपवून घेत नाहीत हेही त्याला माहीत होतं.

पुरानंतर तीन याद्या आल्या होत्या: घरांची, शाळेची आणि छावणीत नातेवाइकांनी लिहून दिलेली. तिन्ही मिळून ३४१ नावं. नाव, वय आणि कुटुंबप्रमुख, तिन्ही जुळलं की दुबार समजायचं. पण दुबारबाईंचा स्वतःचा आणखी एक नियम होता, आधी विचार आणि मग खोड. संशय आला की छावणीत चिठ्ठी पाठवायची, उत्तर आलं की ते टाचायचं आणि मगच लाल रेघ मारायची. या नियमावर त्या पस्तीस वर्षं मान ताठ ठेवून चालल्या होत्या.

त्यांनी रेघा मोजल्या. एकोणतीस. टाचलेल्या चिठ्ठ्या मोजल्या. अठ्ठावीस. तीनदा मोजून झाल्यावर त्यांनी तळघरवाल्याला बोलावून चौथ्यांदा मोजायला लावलं.

"अठ्ठावीस, बाई. एक कमी आहे."

छावणीच्या यादीत शेवटच्या पानावर त्या दोन ओळी होत्या. नाव तेच. वय नऊ, नऊ. कुटुंबप्रमुख एकच, कारण घर एकत्र होतं आणि प्रमुख म्हणून आजोबांचं नाव घातलं होतं. वडिलांच्या नावाचा रकाना त्या नमुन्यात नव्हताच. अहवाल दुसऱ्या दिवशी जायचा होता. दोन ओळी अशा डोळ्यांसमोर सारख्या असताना विचारायचं काय, असं तेव्हा त्यांना वाटलं असणार. दुबारबाईंना फार लाज वाटली. तळघरवाला पुन्हा लांब जाऊन बसला होता, बघणारं कुणी नव्हतं, तरी त्यांनी पदर तोंडावर धरला.

पण हाडीमासी खिळलेला स्वभाव एका दिवसात जातो थोडाच. चिठ्ठी पाठवली नाही म्हणजे मुली दोन होत्या असं थोडंच ठरतं? माणूस बघायला हवा. घराची किल्ली घेऊन त्या बसथांब्यासमोर गेल्या.

किल्लीवाला पंचेचाळिशीचा, हातभर टपरीत बसलेला. दुबारबाईंनी किल्ली पुढं केली. "हिच्यासारखी आणखी एक करून द्या."

त्यानं किल्ली उलटसुलट बघितली. "कुलूप कुठंय?"

"घरी."

"मग कुलूप घेऊन या. कुलूप बघितल्याशिवाय मी किल्ली करत नाही. ही तुमचीच कशावरून?"

दुबारबाईंना तो माणूस आवडला. ही मोठी गैरसोयीची गोष्ट झाली. त्यांनी किल्ली पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, "ज्ञानकोशातलं ते वाचून आले मी. तुमच्या बहिणींबद्दल विचारायचंय. मोठी कोण होती?"

"माझी बहीण. अठरा दिवसांनी."

"एका घरात एकाच नावाच्या दोघी. हाका कशा मारायचात?"

"मोठी आणि छोटी." तो जरासा हसला. "छोटी उंच होती. पाहुणे हमखास चुकायचे."

"मग यादीत आहे ती कोणती?"

किल्लीवाल्यानं हातातली कानस खाली ठेवली. "ते कुणाला माहीत? काकू होती तोवर आई तिला म्हणायची, यादीतली तुझी आहे. काकू म्हणायची, नाही वहिनी, ती तुमची. शेवटपर्यंत दोघींनी एकमेकींना देऊन टाकली. आता काकू नाही. आई म्हणते, काकूला दिलेली मी परत घेणार नाही, माझी वेगळी मोजा." मग त्याचा आवाज बदलला. "तुम्ही एवढं खोदून का विचारता? कोणत्या खात्याच्या?"

सांगायची गरज नव्हती. हौस म्हणून आले, असं म्हणता आलं असतं, आणि टेबलावरची चौकट टेबलावर राहिली असती.

"ती ओळ मी खोडली," दुबारबाई म्हणाल्या. "खोडायच्या आधी छावणीत विचारायचं असतं. अठ्ठावीस जणांचं विचारलं. तुमचं नाही विचारलं."

"का?"

"मला वाटलं, कुणीतरी चुकून एकच नाव दोनदा लिहिलंय."

एक बस आली आणि गेली.

"मीच लिहिलं होतं," तो म्हणाला. "बारा वर्षांचा होतो. बाबांचा हात कापत होता, काकांना लिहिता येत नव्हतं. मी विचारलं, दोघींचं सारखंच येतंय, चालेल का? काका म्हणाले, दोन आहेत तर दोनदाच लिही."

दुबारबाईंना बसायला टपरीत जागा नव्हती. त्या फळीला धरून उभ्या राहिल्या. त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि त्यांनी तो उजेडात न बघता तोंडाला लावला.

"आता काय करणार?" त्यानं विचारलं.

"मला स्वतःलासुद्धा खोडता येणार नाही असा कागद शोधणार."

"आईला सांगू?"

"इतक्यात नको. अजून कागद नाही."

कार्यालयातला नवा साहेब दुबारबाईंच्या मुलाच्या वयाचा असता, मुलगा असता तर. त्यानं अर्ज दोनदा वाचला. "चौतीस वर्षांनी? आणि चूक आपलीच म्हणून तुम्हीच लिहून देता? यात तुमचा काय फायदा?"

प्रश्न बरोबर होता. त्यांनीही तोच विचारला असता.

"शिवाय," साहेब म्हणाला, "चिठ्ठी गेली नाही एवढंच यातून कळतं. मुली दोन होत्या हे कुठं कळतं?"

दुबारबाई खालमानेनं परत आल्या, आणि मग त्यांनी आपला सगळा संशय कामाला जुंपला. शाळेचं दप्तर पाण्यात गेलं होतं, पुरानंतरची यादी गुरुजींनी आठवून केलेली. घरातलं तर काहीच उरलं नव्हतं. पूर येण्याआधी त्या गावातून बाहेर पडलेली वही कोणती? विचार करता करता त्यांना गावोगाव लस टोचत फिरणारी परिचारिका आठवली. ती शहरातून जायची आणि संध्याकाळी वही घेऊन शहरातच परतायची. त्या लस विभागाच्या गोदामात जाऊ लागल्या. चार महिने गेल्या. धूळ खाऊन खोकला झाला तेव्हा धाकटीनं नाकाला बांधायला फडकी शिवून दिली, आणि कधी नव्हे ते टोमणा मारला नाही.

वही सापडली तेव्हा त्यात त्या दोघी होत्या. एकाखाली एक. नाव तेच, वय तेव्हाचं आठ, पण इथं वडिलांच्या नावाचा रकाना होता आणि वडील वेगळे होते. आणि शेजारी, आपला वरिष्ठ दुबार समजून खोडेल या धास्तीनं, परिचारिकेनं बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं: 'दोघी वेगळ्या. दोघीही समोर उभ्या आहेत.'

दुबारबाई तिथंच जमिनीवर बसल्या. दिवसभर पोरांना टोचून ती बाई दमली असेल, तिलाही वही पुरी करून बस गाठायची असेल, पण तिनं मान वर करून बघितलं होतं. आपण कधी मान वर केली नाही, हे दुबारबाईंना तिथं नीट कळलं.

साहेबानं वही बघितली आणि वाद घातला नाही. शुद्धिपत्राचा मसुदा त्यानं त्यांच्यापुढंच केला. "मुद्रणदोष म्हणू या," तो म्हणाला. "तुमच्या कामाला डाग नको."

"मुद्रणदोष नव्हता."

"बाई, कोण बघणार आहे?"

"मी," दुबारबाई म्हणाल्या. "पडताळणी करणाऱ्या कारकुनाची चूक, असं लिहा."

तसं छापलं गेलं. राजपत्रात चार ओळी, ३१२ऐवजी ३१३ वाचावे. घरी येऊन त्यांनी प्रशस्तिपत्राची चौकट उघडली, कागद काढून घडी घातली आणि खणात ठेवला. फेकला मात्र नाही. कागद फेकणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

पानावरचा आकडा त्यांनी बदलला नाही. चर्चा पानावर एवढंच लिहिलं: 'हा आकडा मी केला होता आणि इतकी वर्षं मीच त्याची राखण केली. हे नियमाला धरून नव्हतं. या ओळीला मी यापुढं हात लावणार नाही.' किल्लीवाल्याला राजपत्राचा अंक दिला आणि आधार कसा जोडायचा ते टपरीपाशी उभं राहून दोनदा करून घेतलं.

"आत्ताच बदलू?" त्यानं विचारलं.

"ते तुमचं तुम्ही ठरवा."

"मग त्या दिवशीच बदलीन."

तारीख उजाडली. सातला बदल झाला, या वेळी आधारासकट. दुबारबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. अकरा मिनिटं गेली. दुसरा कुणी पहारेकरी येऊन उलटवील, आपणच तयार केलेत तसले चार-पाच, या धास्तीनं त्या उठल्या नाहीत. दुपारी त्या वाक्यात कुणीतरी हात घातला तेव्हा त्या पडद्याला नाक लावून बघू लागल्या. त्यानं एक पूर्णविराम नीट केला आणि तो निघून गेला.

संध्याकाळी किल्लीवाल्यानं चर्चा पानावर लिहिलं, 'आईनं सकाळी वाचलं. दुपारी परत मागून वाचलं. पण गेल्या वर्षी तिला कळलं की इतकी वर्षं मीच बदलून दाखवत होतो. माझ्यावर आता तिचा भरवसा नाही. म्हणते, ज्या बाईनं खोडलं तिला विचार, किती आहेत.'

दुबारबाईंनी पान उघडलं. आकडा बघितला. पान बंद केलं, पुन्हा उघडलं आणि पुन्हा बघितला. मग लिहिलं:

'आईंना सांगा, तीनशे तेरा. मी बघून सांगते आहे.'